बुधवारच्या आधीचं दोहा

डिसेंबर २०२२. सेमीफायनल, फ्रान्स विरुद्ध मोरोक्को. मॅचला अजून तीन दिवस होते आणि एक अख्खं शहर वाट बघत बसलं होतं. त्या तीन दिवसांची ही भटकंती.

लीगमधली मॅच हरलात तर पुढची असते. नॉकआउटचं तसं नाही. ‘सोमवारी बघू’ हा आपल्या ऑफिसातला लाडका फंडा तिथे चालत नाही. हरलात की बॅग भरायची आणि घरी जायचं! म्हणूनच मला नॉकआउट मॅचपेक्षा तिच्या आधीचे दिवस जास्त आवडतात. दोन्ही टीम अजून जिवंत असतात. दोन्हीकडचे लोक एकाच टपरीवर चहा पितात आणि दोघांनाही आपणच जिंकणार याची शंभर टक्के खात्री असते.

असे दिवस अनुभवायचे तर त्या गावात जाऊन राहायला हवं. टीव्हीवर दिसते ती फक्त मॅच.

शनिवारी, १० डिसेंबरला संध्याकाळी मोरोक्कोनं पोर्तुगालला १-० असं घरी पाठवलं. त्याच रात्री फ्रान्सनं इंग्लंडला २-१ हरवलं. फुटबॉल वर्ल्ड कपच्या सेमीफायनलला पोचलेला मोरोक्को हा पहिला आफ्रिकी देश आणि पहिलाच अरब देश. त्याआधी कॅमेरून (१९९०), सेनेगल (२००२) आणि घाना (२०१०) यांची गाडी क्वार्टर फायनललाच अडली होती. आता समोर कोण, तर ज्यांनी १९१२ ते १९५६ मोरोक्कोवर राज्य केलं ते फ्रेंच. ‘लगान’ आठवला ना? मलाही तोच आठवला. फक्त इथे पॅड बांधायचे नव्हते.

रविवारी दुपारी मी दोह्यात उतरले. मुंबईहून विमानात बसलं की चारेक तासांत दोहा. माझी मावसबहीण आणि तिचे मिस्टर पंधरा वर्षांपासून तिथे आहेत, त्यामुळे राहण्याचा प्रश्न नव्हता. प्रश्न तिकिटाचा होता. माझ्यासारख्या फ्रीलान्सरच्या खिशाला परवडलेलं एकमेव तिकीट होतं १७ तारखेच्या तिसऱ्या नंबरच्या मॅचचं. म्हणजे दोन सेमीफायनल हरलेल्यांची मॅच! पण त्या तिकिटावर ‘हय्या कार्ड’ मिळालं. ते कार्ड म्हणजे देशात शिरायचा परवाना आणि मेट्रोचा फुकट पास, दोन्ही एकात.

‘सीर! सीर!’

दोह्याची मेट्रो २०१९ ची, म्हणजे अगदी करकरीत. गोल्ड लाइनवर सूक वाकिफ स्टेशनला उतरलं की वर थेट बाजार. ‘सूक वाकिफ’ म्हणजे उभा बाजार. पूर्वी विक्रेते इथे उभ्यानंच माल विकायचे म्हणून हे नाव पडलं, असं सांगतात. मातकट भिंती, छतातून बाहेर डोकावणारे लाकडी वासे, मसाल्यांची पोती आणि हुक्क्याचा गोडसर धूर. एक गल्ली तर फक्त बहिरी ससाण्यांची, शेजारी ससाण्यांचं चक्क हॉस्पिटल! सगळं शे-दोनशे वर्षं जुनं वाटतं, पण २००३ च्या आगीत यातलं बरंच जळालं. आज दिसतो तो त्यानंतर जुन्या धाटणीत पुन्हा उभा केलेला बाजार.

रविवारी संध्याकाळी मात्र मसाल्यांकडे बघायला कोणाला वेळ नव्हता. सगळा बाजार लालेलाल. मोरोक्कोचा झेंडा लाल, मध्ये हिरवी चांदणी. तो अंगावर, डोक्यावर, बाबागाडीवर, एका उंटाच्या पाठीवरसुद्धा. ढोल घुमत होते आणि सगळा घोळका एका सुरात ओरडत होता, “सीर! सीर! सीर!” इंग्रजीत लिहिलं की त्याचं ‘सर’ होतं, त्यामुळे आपल्याला वाटावं, एवढे लोक मिळून बॉसला हाक मारतायत की काय. अर्थ आहे ‘जा, पुढे जा!’ गल्लीच्या तोंडाशी पोरांना ‘पळ रे पळ’ म्हणतात ना, तसंच काहीसं.

या सगळ्या गर्दीची भेटायची जागा ठरलेली, तो सोनेरी अंगठा. सूकमधल्या चौकात माणसापेक्षा कितीतरी उंच असा एक अंगठा जमिनीतून वर आलेला आहे. ‘अंगठ्यापाशी ये’ म्हटलं की झालं. हे शिल्प सेझार या फ्रेंच शिल्पकाराचं. मोरोक्कोचे फॅन फ्रान्सच्या अंगठ्याखाली जमून फ्रान्सला हरवायच्या घोषणा देत होते. कोणी मुद्दाम ठरवलं असतं तरी इतकं जमलं नसतं.

तिथेच एक पंचविशीची मुलगी भेटली. लाल जर्सी, गालावर चांदणी, डोळ्यांत काजळ. मला वाटलं, कासाब्लांकाहून आली असेल. ती निघाली ल्यों शहरातली. आजोबा कामासाठी फ्रान्सला गेले, आई तिथेच वाढली, ही तिथेच जन्मली. कमरेच्या पाऊचमध्ये पासपोर्ट फ्रान्सचा. क्वार्टर फायनलला तिनं फ्रान्ससाठीही टाळ्या वाजवल्या होत्या म्हणे. मग बुधवारी काय? तिनं अंगावरच्या जर्सीकडे बोट दाखवलं आणि खळखळून हसली. पण ऑफिसात गुरुवारी काय होईल याची थोडी धाकधूक आहे, असंही म्हणाली. मोरोक्को जिंकलं तर लोक विचारणार, आमच्या देशात राहून तुम्ही नाचता कशाला? आणि हरलं तर मुद्दाम येऊन अभिनंदन करणार!

तिची धाकधूक उगाच नव्हती. या एका मॅचसाठी फ्रान्सनं देशभर दहा हजार पोलीस रस्त्यावर उतरवायचं ठरवलं होतं.

घरातलंच भांडण

ब्राझील-अर्जेंटिना म्हणजे शेजाऱ्यांची खुन्नस. भिंत मध्ये असते, आपण इकडे, ते तिकडे. फ्रान्स-मोरोक्कोमध्ये ही भिंत नेमकी कुठे उभी करायची, तेच कळत नाही.

हेच बघा ना. एका वर्ल्ड कपमध्ये सर्वाधिक गोल करण्याचा विक्रम आहे फ्रान्सच्या ज्यूस्त फाँतेनचा. १९५८ मध्ये त्यानं तब्बल १३ गोल ठोकले. त्याचा जन्म कुठला? मोरोक्कोतल्या माराकेशचा. त्याच्याही आधी कासाब्लांकाचा लार्बी बेनबारेक १९३८ पासून फ्रान्सच्या निळ्या जर्सीत खेळला, कारण तेव्हा त्याच्या देशाची स्वतंत्र टीमच नव्हती. म्हणजे एके काळी मोरोक्कोची माणसं फ्रान्सला गोल मिळवून देत होती.

२०२२ मध्ये गंगा उलटी वाहत होती. मोरोक्कोच्या २६ जणांपैकी १४ जण मोरोक्कोबाहेर जन्मलेले. कोच वालिद रेग्रागुई पॅरिसजवळचा. कॅप्टन रोमेन साइसही फ्रान्समधलाच. हकीम झियेश आणि सोफियान अमराबात नेदरलँड्सचे, गोलकीपर बोनो कॅनडातल्या माँट्रियलचा. आणि अश्रफ हकीमी माद्रिदचा. आई लोकांच्या घरी साफसफाई करायची, वडील रस्त्यावर माल विकायचे. हकीमी स्पेनकडून खेळू शकला असता, पण त्यानं मोरोक्को निवडलं. आणि ६ डिसेंबरला स्पेनविरुद्ध पेनल्टी शूटआउट झालं, तेव्हा शेवटची किक त्याच्याच वाट्याला आली! गोलकीपर बाजूला झेपावला आणि यानं गोलच्या मधोमध अलगद, झोळीत टाकावा तसा बॉल टाकला. स्पेन घरी.

समोरच्या निळ्या टीममध्ये मातेओ ग्वेंदूझी होता, ज्याचे वडील मोरोक्कोचे. आणि किलियन एम्बाप्पे, हकीमीचा पॅरिसच्या क्लबमधला जिगरी दोस्त. आता सांगा, यात परका कोण? आपल्याकडे याला भाऊबंदकी म्हणतात. फरक एवढाच की यातला एक भाऊ बरीच वर्षं दुसऱ्याच्या घराची किल्ली स्वतःच्या खिशात घालून फिरत होता.

“मला किती ऑप्शन?”

बहिणीच्या घरी वेगळीच सेमीफायनल रंगली होती. जिजू मूळचे कोल्हापूरचे. फुटबॉल तिथे रक्तातच. पाटाकडील विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ अशी मॅच असली की शाहू स्टेडियममध्ये मुंगीला शिरायला जागा नसते आणि पेठेपेठेत चार दिवस दुसरा विषय नसतो. झिदानच्या काळापासून जिजू फ्रान्सचे फॅन. “झिदान म्हणजे नाद खुळा!” यापुढे ते काही ऐकून घेत नाहीत. बारा वर्षांच्या भाच्यानं मात्र मोरोक्कोची लाल जर्सी घातली होती आणि झोपतानाही काढत नव्हता. ताईनं न्यूट्रल राहून दोघांनाही पोळ्या वाढल्या.

सोमवारी भाच्याला घेऊन आम्ही खलिफा स्टेडियमला लागून असलेल्या ‘थ्री-टू-वन’ या क्रीडा म्युझियममध्ये गेलो. फुटबॉलवेड्या माणसानं दोह्यात एकच गोष्ट बघायची असेल तर ही. तिथे झिदानच्या धडकेचं ब्राँझचं भलंमोठं शिल्प आहे. २००६ च्या फायनलमध्ये झिदाननं मातेराझ्झीच्या छातीत डोकं घातलं, तो क्षण. आदेल अब्देस्समेद या अल्जीरियात जन्मलेल्या फ्रेंच कलाकाराचं हे काम. २०१३ मध्ये ते समुद्रकिनाऱ्यावरच्या कॉर्निश रस्त्यावर उभं केलं होतं, पण टीका झाली म्हणून काही आठवड्यांतच हलवावं लागलं. वर्ल्ड कपच्या निमित्तानं ते पुन्हा बाहेर आलं.

जिजू शिल्पासमोर देवळात उभं राहावं तसे उभे होते. झिदानचे आईवडील अल्जीरियाहून फ्रान्सला गेले, पोरगं फ्रान्ससाठी वर्ल्ड कप जिंकलं वगैरे कथा भाच्याला ऐकवत होते. तो शांतपणे ऐकत होता. मग मला म्हणाला, “मावशी, झिदानला दोन ऑप्शन होते. हकीमीला पण दोन. मला किती?”

“एकच. इंडिया,” जिजू म्हणाले.

“पण मी तर इथेच राहतो.”

यावर कोणी काही बोललं नाही. पोरगं दोह्यात जन्मलं. भारत त्याच्यासाठी मे महिन्याची सुट्टी, आजीचं घर आणि आंबे. पण कतारमध्ये जन्मलं म्हणून कोणी कतारी होत नाही. नागरिकत्वाच्या अर्जासाठी पंचवीस वर्षं देशात राहणं ही नुसती पहिली पायरी, आणि त्यानंतरही ते फार थोड्यांना मिळतं. साऱ्या देशात मूळ कतारी दहा-बारा टक्केच असतील. बाकी सगळे नोकरीचा व्हिसा आहे तोवर. नोकरी संपली की नॉकआउट! जिजूंच्या घरात पंधरा वर्षांत मोठं फर्निचर घेतलेलं नाही. ताई म्हणते, कधी निघावं लागेल ते सांगता येत नाही ना.

तेव्हा मला कळलं की पोराच्या अंगावरची लाल जर्सी नुसती अंडरडॉगची हौस नव्हती. जन्म एकीकडे, घर दुसरीकडे, तरी ‘आपण कुठले’ याचं उत्तर खणखणीत देता येतं, असे अकरा जण त्याला टीव्हीवर सापडले होते.

करक आणि कडक

दोह्याची ओळख करून घ्यायची तर करक चहा प्यायलाच हवा. गाडीतून न उतरता हॉर्न द्यायचा, पोरगा कागदी कप घेऊन येतो. वेलची घातलेला, दाट दुधाचा, एक-दोन रियालला मिळणारा हा चहा म्हणजे तिथलं राष्ट्रीय पेय. नाव ओळखीचं वाटतं ना? आपला ‘कडक’च तो. आखाताचं आणि आपलं नातं जुनं आहे. तेलाच्या आधी इथले लोक समुद्रातून मोती काढायचे आणि ते विकायला मुंबईचा बाजार गाठायचे. १९६६ पर्यंत कतारमध्ये चलन होतं रुपया. आखातासाठी वेगळ्या नोटा १९५९ पासून आपली रिझर्व्ह बँक छापायची. एके काळी त्यांच्या खिशात आपला रुपया होता, आता आपली माणसं रियाल कमवायला तिकडे जातात.

ही माणसं बघायची तर सूकमध्ये नाही, एशियन टाउनला जायला हवं. शहराच्या कडेला इंडस्ट्रियल एरियात मॉल, थिएटरं आणि क्रिकेट स्टेडियम आहे. वर्ल्ड कपमध्ये तिथे कामगारांसाठी मोठा पडदा लावला होता. मंगळवारी रात्री अर्जेंटिना-क्रोएशिया सेमीफायनल बघायला जिजू मला तिकडे घेऊन गेले. केरळ, बंगाल, नेपाळ, बांगलादेश… अख्खा उपखंड मेस्सीच्या दहा नंबरच्या जर्सीत बसला होता. कित्येक जण थेट साइटवरून आलेले. जिजूंनी स्वतः एका स्टेडियमच्या एसीचं काम केलंय. ओळखीचे फिटर भेटले, गळाभेटी झाल्या. त्यातल्या एकानंही ते स्टेडियम प्रेक्षक म्हणून आतून बघितलं नव्हतं.

हे स्वस्तात उभं राहिलेलं नाही. २०१० नंतरच्या दशकात दक्षिण आशियातले साडेसहा हजार कामगार कतारमध्ये मरण पावले, अशी बातमी २०२१ मध्ये ‘द गार्डियन’नं दिली. त्यात सगळ्या प्रकारच्या कामांवरचे आणि सगळ्या कारणांनी झालेले मृत्यू होते. वर्ल्ड कपशी संबंधित कामांवर चारशे ते पाचशे जण गेले असावेत, असं आयोजन समितीच्या प्रमुखांनीच नोव्हेंबर २०२२ मध्ये एका मुलाखतीत सांगितलं. झगमगाट बघताना हे आकडे डोक्यातून जात नाहीत आणि जाऊही नयेत.

मेस्सी जिंकला, ३-० असा आरामात. निघताना मी त्या फिटर मंडळींना विचारलं, उद्या कोण? सगळ्यांचं उत्तर एकच. मोरोक्को! कारण कोणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

अखेर बुधवार

मॅच होती अल खोर गावाच्या अल बैत स्टेडियममध्ये. दोह्यापासून उत्तरेला तासाभराच्या आत. वाळवंटातल्या भटक्या लोकांच्या तंबूसारखं हे स्टेडियम. आतून छत लालभडक, विणलेल्या नक्षीचं. मेट्रो लुसैलपर्यंत, पुढे बस. दुपारपासूनच रेड लाइनच्या डब्यात ढोल वाजत होते. मोरोक्कोहून जादा विमानं येणार होती, त्यातली त्या दिवसाची सात ऐन वेळी रद्द झाली. कित्येक जण कासाब्लांकाच्या विमानतळावरच अडकले. तरी स्टेडियममध्ये लाल रंगाला तोड नव्हती.

आम्ही चौघं सूकमध्ये, पडद्यासमोर. रात्री दहाला मॅच सुरू झाली आणि पाचव्याच मिनिटाला तेओ एर्नांदेझनं फ्रान्सचा गोल केला. चौक असा गप्प झाला की कुठल्यातरी हॉटेलातली भांडी ऐकू आली. सेमीफायनलपर्यंत मोरोक्कोवर फक्त एक गोल झाला होता, तोही स्वयंगोल. जिजूसुद्धा ओरडले नाहीत. त्यांनी पोराच्या खांद्यावर हात ठेवला.

मग एक ढोल सुरू झाला, पाठोपाठ दुसरा. हाफटाइमच्या जरासं आधी अल यामिकनं हवेत उलटं होऊन मारलेली किक गोलच्या खांबाला लागली आणि अख्ख्या चौकानं डोक्याला हात लावला. ७९ व्या मिनिटाला नुकताच मैदानात उतरलेल्या कोलो मुआनीनं दुसरा गोल केला. २-०. संपलं.

मॅचनंतर एम्बाप्पेनं हकीमीला मिठी मारली, दोघांनी जर्सी बदलल्या. पडद्यावर हे दिसताच चौकात टाळ्या पडल्या. आणि मग, हरल्यावर, ते पुन्हा सुरू झालं. “सीर! सीर! सीर!” शनिवारी माझ्या तिकिटाला अचानक भाव आला, कारण तिसऱ्या नंबरसाठी मोरोक्कोच मैदानात होतं. तेही ते २-१ हरले. खलिफा स्टेडियम तरीही त्यांचंच होतं.

भाचा आता मिसरूड फुटलेला झालाय. जून २०२४ मध्ये जिजूंनी मला मोबाइलवर एक बातमी पाठवली. मूळ केरळच्या कुटुंबातला, दोह्यात वाढलेला तहसीन मोहम्मद नावाचा सतरा वर्षांचा पोरगा वर्ल्ड कप क्वालिफायरमध्ये कतारकडून खेळला. खाली जिजूंनी काही लिहिलं नव्हतं. मी फोन केला तर भाच्यानं उचलला.

“मावशी, अजून सिलेक्शन व्हायचंय माझं,” तो म्हणाला. “पण ऑप्शन दोन झाले.”

दोह्याला जाताय?

• कधी : नोव्हेंबर ते मार्च. उन्हाळ्यात रस्त्यावर फिरायचं नाव काढू नका.

• सूक वाकिफ : संध्याकाळनंतर जा. शुक्रवारी सकाळी बहुतेक दुकानं बंद असतात. भेटायची जागा अर्थातच अंगठा.

• थ्री-टू-वन म्युझियम : खलिफा स्टेडियमशेजारी. निदान अर्धा दिवस हाताशी ठेवा.

• राष्ट्रीय संग्रहालय : वाळवंटातल्या ‘डेझर्ट रोझ’ स्फटिकासारखी इमारत. आर्किटेक्ट जाँ नुव्हेल, म्हणजे पुन्हा फ्रेंचच!

• करक : हॉटेलच्या लॉबीत नको, रस्त्याकडेच्या टपरीवर. आणि ‘कडक’ म्हणालात तरी कळतं.